पेरूच्या पानांचा काढा ही लेप्टोवरची गोळी नव्हे

‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं! पेरूच्या पानांचा अर्क अँटिबायोटिकपेक्षा जास्त जंतू मारतो. पावसाच्या पाण्यातून चालून आलात तर गोळ्या नकोत, काढा घ्या, लेप्टो जवळ येणार नाही.’ सोबत जंतू वाढवायच्या प्लेटचा फोटो. लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या पाण्यातून होणारा जंतुसंसर्ग. हा मेसेज वाचून आमच्या परळच्या मावशीने डॉक्टरांनी तो होऊ नये म्हणून दिलेली डॉक्सीसायक्लीन ही अँटिबायोटिक गोळी कपाटात ठेवून दिली. टाचांना भेगा असताना मुंबईत हिंदमाताला साचलेल्या पाण्यातून आलेली बाई!

आधी तो फोटो. मायक्रोबायोलॉजीची मुलं ही चाचणी प्रोजेक्टला करतात, मीही केली आहे. अगरवर, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीसारख्या थरावर, जंतू पसरायचे, बोररने (भोक पाडायच्या नळीने) भोक पाडायचं, त्यात काळपट हिरवा अर्क सोडायचा आणि रात्रभर 37 अंशांना ठेवायचं. सकाळी भोकाभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ दिसलं की पट्टीने मोजायचं. मेसेजवाल्याने अर्काचं वर्तुळ मोठं बघून निकाल लावून टाकला. पण अर्क ओतला किती? मिलिलिटरला 100 मिलिग्रॅम असलेला अर्क 100 मायक्रोलिटर घातला, तर भोकात गेला 10 मिलिग्रॅम. तुलनेला ठेवतात त्या सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकच्या कागदी चकतीत औषध असतं 5 मायक्रोग्रॅम. 2000 पट फरक! शिवाय वर्तुळ किती पसरेल हे रेणू अगरमधून किती सरकतो यावरही ठरतं. व्हँकोमायसिन या अँटिबायोटिकचा रेणू मोठा, त्याचं वर्तुळ लहान पडतं, म्हणून ते काही कुचकामी औषध नाही. त्यातून असे अर्क बरेचदा मिथेनॉलमध्ये काढतात, आणि ते स्वतःच जंतू मारू शकतं. नुसतं मिथेनॉल घातलेलं भोक शेजारी होतं का? फोटोत तरी दिसत नाही.

वनस्पतींत औषध असतं, हे मान्य करावंच लागेल. तू यूयू यांना 2015 चं नोबेल मिळालं ते दवण्याच्या वंशातल्या एका वनस्पतीतून मलेरियावर औषध काढल्याबद्दल. पण उष्णता देऊन काढलेल्या अर्काचा गुण जात होता; कमी तापमानाला ईथरमध्ये काढला तेव्हा तो टिकला. मग उंदीर, माकडं, त्या स्वतः आणि नंतर रुग्ण, अशा पायऱ्या झाल्या. मेसेजवाला प्लेटवरून थेट स्वयंपाकघरात येतो, आणि वर उकळायला सांगतो.

‘नैसर्गिक, म्हणून अपाय नाही’? कण्हेरही नैसर्गिकच आहे. आणि पेनिसिलिन बुरशीतून आलं, म्हणजे ते अँटिबायोटिकही नैसर्गिकच.

संताप येतो तो लेप्टोच्या उल्लेखाचा. लेप्टोस्पायरा हा लेप्टोचा जंतू असल्या साध्या अगरवर वाढतच नाही, त्याला वेगळं माध्यम लागतं आणि तरी आठवडे जातात. म्हणजे त्या प्लेटवर लेप्टो नव्हताच! हा जंतू भेगांतून, जखमेतून शिरतो आणि आजार बळावला तर किडनी, लिव्हर निकामी करतो. साचलेल्या पाण्यातून चाललेल्यांनी 72 तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध सुरू करावं, असं पालिका दर पावसाळ्यात सांगते. गरोदर बायका आणि लहान मुलांना डॉक्सीऐवजी दुसरं औषध देतात, तेव्हा परस्पर गोळ्या आणू नका. पालिकेचा दवाखाना गाठा, आणि पाण्यात कधी उतरलात ते तिथे आधी सांगा.