चिकन पार्मेझानला सॉसची आंघोळ घालू नका

आज एका कॅफेत चिकन पार्मेझान मागवलं, म्हणजे ब्रेडच्या चुऱ्यात तळून वर टोमॅटो सॉस आणि चीज घातलेलं चिकन. आलं ते गोडसर लाल सॉसमध्ये बुडालेलं. काटा लावताच वरचं आवरण अख्खं सुटून आलं, आत चिकन कोरडंठाक. पैसे गेले त्याचं एवढं नाही. पण 'इटालियन असंच असतं' म्हणत आपण मुकाट्याने खातो, याचा संताप येतो.

असं नसतं! हा पदार्थ दक्षिण इटलीतून अमेरिकेत गेलेल्या लोकांचा. गावाकडे ते वांग्याचं पार्मिजाना करायचे, म्हणजे वांग्याच्या कापांचे टोमॅटो सॉस आणि चीजबरोबर थर. अमेरिकेत मांस परवडायला लागलं, तसं वांग्याच्या जागी मांस आलं. वांगं सॉसमध्ये मुरलं की छानच लागतं. चिकनला ब्रेडच्या चुऱ्याचं आवरण दिलंत की मात्र ते कुरकुरीत राहिलंच पाहिजे, नाहीतर तळायचं कशाला?

चौघांसाठी साधारण २५० ग्रॅमचे दोन ब्रेस्ट पीस घ्या. प्रत्येक आडवा चिरून दोन पातळ तुकडे करा, प्लॅस्टिकखाली ठेवून लाटण्याने ठोका, सगळीकडे १ सेंमी जाडी हवी. कॅफेतल्या तुकड्याचं एक टोक जाड, एक पातळ होतं. जाड भाग शिजेपर्यंत पातळ भाग वाळणारच. मीठ लावून अर्धा तास ठेवा आणि मग पुसा, अगदी कोरडं होईपर्यंत. आवरण सुटतं ते इथे. ओल्या चिकनवर मैद्याचा चिखल होतो, तळताना खाली वाफ धरते आणि कवच उचललं जातं. मैदा लावून जादाचा झटका, मग फेटलेलं अंडं, मग दीड कप ब्रेडचा चुरा आणि ५० ग्रॅम किसलेलं पार्मेझान चीज. हाताने दाबून बसवा. १५ मिनिटं तसंच राहू द्या, चुरा पकड घेतो.

कढईत सेंटीमीटरभर तेल, तापमान १७५ ते १८० अंश. एका वेळी दोनच तुकडे, प्रत्येक बाजूला दोन-तीन मिनिटं. गर्दी केलीत तर तेल थंड पडतं आणि चुरा तेल पितो. काढून जाळीवर ठेवा. टिश्यूवर ठेवलं की खालची बाजू घामेजते.

सॉस आधीच करून ठेवा. ४०० ग्रॅमचे टोमॅटोचे दोन डबे, तीन चमचे ऑलिव्ह तेल, चार लसूण पाकळ्या, मीठ, मंद आचेवर अर्धा तास. आपले टोमॅटो पाणीदार, ते वापरलेत तर पाऊण तास. बशीत चमचाभर टाका, कडेने पाणी सुटलं तर अजून आटवा. साखर चिमूटभर, तीही टोमॅटो आंबट असतील तरच. कॅफेवाल्यांनी केचप ओतलं होतं की काय कोण जाणे.

आता प्रत्येक तुकड्यावर मधोमध दोनच चमचे सॉस, वर ३० ग्रॅम मोझरेला चीज. कडा उघड्या! पाण्यातलं ताजं मोझरेला असेल तर फोडून तासभर फडक्यावर निथळवा. पिझ्झासाठी मिळणारी मोझरेलाची घट्ट वीट इथे जास्त बरी. ओव्हन २२० अंशांवर, वरच्या कप्प्यात सहा-आठ मिनिटं, चीज वितळेपर्यंत. अमेरिकेतही कित्येक ठिकाणी सॉस भरपूर घालतात, मान्य. उरलेला शेजारच्या स्पगेटीवर घाला ना, कोण अडवतंय?

घरी धडपडून करणाऱ्यांवर माझा अजिबात राग नाही. रसदार चिकनच आवडत असेल तर सरळ काच्चातोरा, म्हणजे टोमॅटोच्या रश्श्यात शिजवलेलं चिकन करा, अस्सल इटलीतलं, आपल्या हाताला लगेच जमणारं. किलोभर चिकन हाडांसकट घ्या, पण दुकानदाराला आधीच सांगा: तुकडे मोठे आणि साल ठेवून. न विचारता तो साल सोलूनच देतो. साल खाली करून दहा मिनिटं सोनेरी होऊ द्या, मध्ये हलवू नका. सुटायची वेळ झाली की ते आपोआप सुटतं. त्याच चरबीत कांदा, लसूण, रोझमेरी परता, अर्धा ग्लास वाइन घालून निम्मी आटवा, मग ४०० ग्रॅम टोमॅटो, मूठभर ऑलिव्ह. चिकन परत ठेवताना साल रश्श्याच्या वर राहू द्या. झाकण अर्धवट, मंद आच, चाळीस मिनिटं. पावाबरोबर वाढा, रस्सा टिपायला लादीपाव उत्तम.