‘वीस वर्षं मानवलेली गोळी’ म्हातारपणी बाधत नाही?

ज्येष्ठांच्या औषधांबद्दल एक मजकूर सध्या घरोघरच्या ग्रुपांवर फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: वर्षानुवर्षं मानवलेली गोळी म्हातारपणी बाधत नाही, रक्ततपासणीतलं क्रिएटिनिन (किडनीचं काम जोखायचा आकडा) नॉर्मल असेल तर किडनीची काळजी नको, सर्दी-सांधेदुखीच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळतात, म्हणजे त्या निर्धोक. पाठवणाऱ्यांना आईवडिलांची काळजीच असते, हे मान्य. पण तिन्ही विधानं चूक आहेत, आणि मधलं तर घातक आहे.

‘मानवलेली गोळी बाधत नाही.’ गोळी तीच असते, ती घेणारं शरीर तेच राहत नाही. वय वाढतं तसं अंगातलं पाणी आणि स्नायू कमी होतात, चरबीचं प्रमाण वाढतं, यकृताचा रक्तपुरवठा घटतो. डायझेपाम ही झोपेची जुनी गोळी चरबीत मुरते. विशीत तिचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण २० तास लागतात, ऐंशीच्या घरात जवळपास ९०. रोज रात्री एक घेतली, तर कालची, परवाची, तेरवाचीही अंगात शिल्लक असते. मग आजोबा दिवसा पेंगतात, रात्री बाथरूमला उठताना तोल जातो, खुब्याचं हाड मोडतं. घरचे म्हणतात, ‘वय झालं.’ गोळीचं नावही कुणी काढत नाही.

‘क्रिएटिनिन नॉर्मल, म्हणजे किडनी ठणठणीत.’ क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंत. किडनी ते फक्त बाहेर टाकते. स्नायूच झिजले तर ते मुळात कमी तयार होतं, आणि किडनी मंदावलेली असूनही रिपोर्टातला आकडा सरळ दिसतो. म्हणून किडनी मिनिटाला किती रक्त साफ करते, याचा अंदाज घ्यायला डॉक्टर १९७६ सालचं कॉक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्र वापरतात: १४० मधून वय वजा करा, वजनाने गुणा, ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागा, बाई असेल तर उत्तराला ०.८५ ने गुणा. आता ३० वर्षांचा, ७० किलोचा मुलगा आणि ८० वर्षांची, ४५ किलोची त्याची आजी घ्या. दोघांचंही क्रिएटिनिन १.०. मुलाचं उत्तर येतं मिनिटाला १०७ मिली, आजीचं ३२. रिपोर्टवर मात्र दोघंही नॉर्मल!

याच आजी मधुमेहासाठी ग्लिबेनक्लामाइड घेत असतील, तर औषधाचा अंश अंगात साचत जातो आणि पहाटे साखर कोसळू शकते. उतारवयात घाम, थरथर या खुणा नीट दिसतीलच असं नाही. आजी नुसत्या असंबद्ध बोलू लागतात. वृद्धांसाठी जोखमीच्या औषधांची बीअर्स यादी १९९१ पासून आहे, आणि ही गोळी टाळावी असं ती सांगते.

‘चिठ्ठीशिवाय मिळते ती निर्धोक.’ सर्दीच्या गोळीतल्या क्लोरफेनिरामिनने प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी अडकू शकते, वृद्धांना भ्रम होऊ शकतो. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्या आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असताना गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी घेतली, तर तिघींचा भार एकदम किडनीवर पडतो.

त्या मजकुरातलं एक वाक्य खरं आहे: स्वतःहून गोळी बंद करू नका. हृदयाची काही औषधं अचानक सोडली तर छातीत दुखणं उफाळतं, आणि झोपेची जुनी गोळी हळूहळूच उतरवावी लागते. पण ‘बंद करू नका’ म्हणजे ‘विचारू नका’ नव्हे. घरातल्या सगळ्या पट्ट्या, काढे, चूर्णं एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या, वजन आणि वय सांगा, आणि एकेक पट्टी समोर ठेवून विचारा, ‘ही अजून लागते का, एवढीच लागते का?’ काचबिंदूचे थेंबही त्याच पिशवीत टाका. त्यातल्या काहींमधलं टिमोलॉल हे औषध डोळ्यातून रक्तात उतरतं आणि नाडी मंद करू शकतं.