खुलासा : कडक शॉकअप बसवल्याने मोटारसायकलची वजन पेलण्याची क्षमता वाढत नाही

मागे मोठ्या गाडीचे कडक शॉकअप बसवले की कापसाची दोन गाठोडी निर्धास्त नेता येतात, असा संदेश कापूस वेचणीच्या या दिवसांत यवतमाळ जिल्ह्यातील गावागावांत फिरत आहे. हा दावा चुकीचा आहे.

शॉकअपमध्ये भार पेलते ती स्प्रिंग. त्याच्या नळीतले तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाऊन केवळ तिची उसळी शमवते. किती वजन न्यावे हे चेसिस (गाडीचा सांगाडा), टायर, रिम आणि ब्रेक मिळून ठरवतात, व ती मर्यादा गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. दुरुस्तीच्या कामात मी स्वतः पाहिले आहे की लांबीने मोठा शॉकअप लावलेली गाडी मागून उचलली जाते, साइड स्टँडवर धोकादायक कलते आणि तिच्या चेनचा ताणही बिघडतो. तेल गळत असेल किंवा खड्ड्यानंतर गाडी वारंवार उसळत असेल, तर त्याच मॉडेलसाठी बनलेली जोडी घ्यावी. एकच बाजू बदलू नये. शॉकअपवर स्प्रिंगचा ताण बदलण्यासाठी खाचांची सोय असल्यास डबलसीटसाठी स्प्रिंग घट्ट करता येते, पण त्याने वजनाची मर्यादा वाढत नाही.

मूळ संदेश कृपया पुढे पाठवू नये, आणि ज्यांना पाठवला असेल त्यांना हा खुलासा आवर्जून कळवावा.