आरमार काढायचंय? आधी मेव्हण्याला विचारा

देश अजून कागदावरही जन्मला नाही, गाठ जगातल्या सर्वांत बलाढ्य आरमाराशी, आणि तुम्हाला आपलंही एक हवंय? खुशाल काढा. 'जगातली सगळ्यात वेडगळ कल्पना' असं कुणीतरी म्हणेलच. १७७५ साली, ब्रिटनविरुद्ध उठलेल्या अमेरिकी वसाहतींच्या फिलाडेल्फियातल्या काँग्रेसमध्ये (म्हणजे प्रतिनिधींच्या सभेत) मेरीलँडचे सॅम्युअल चेस तसं म्हणाले होते. ऐकून घ्या, १३ ऑक्टोबरला दोन जहाजांचा ठराव करा, समिती नेमा.

बैठका संध्याकाळी सहाला, गुत्त्यातच ठेवा. समितीतले ऱ्होड आयलंडचे स्टीफन हॉपकिन्स आठ वाजेपर्यंत थेंबालाही शिवत नसत. नंतर जमैकाची रम, पाणी आणि अकरा-बारापर्यंत गप्पा. समितीतल्याच जॉन अ‍ॅडम्सना काँग्रेसमधलं सर्वांत सुखाचं काम हेच वाटलं. का वाटू नये?

मग जहाजं दोनाची चार करा आणि नेमणुका उरका. आरमारप्रमुख स्टीफनरावांचे धाकटे बंधू ईसेक (जुने दर्यावर्दी होते, नाही असं नाही). 'कॅबट' जहाजावर ईसेकरावांचे चिरंजीव. 'कोलंबस'वर लग्नानं नात्यातले झालेले अब्राहम व्हिपल. समितीच्या बाकीच्या सभासदांनी काय घोडं मारलंय? सायलस डीन यांच्या मेव्हण्यांना 'आल्फ्रेड' द्या. चौथं जहाज निकोलस बिडलला मिळालं. हा गडी चक्क ब्रिटिश आरमारात शिकलेला. घाईगडबडीत एखादी चूक व्हायचीच.

हुकूम लेखी आणि कडक हवा: चेसापीकच्या उपसागरात जा, शत्रूला हुडकून काढा. शेवटी हळूच एक ओळ घाला, की हवामान वगैरे आड आलं तर स्वतःच्या बुद्धीनं वागा. ईसेकराव वागले. १७७६च्या फेब्रुवारीत निघाले ते थेट बहामाला. मार्चमध्ये नासाऊला माणसं उतरवली, एक किल्ला घेतला आणि रात्रभर आराम केला. बंदराचं तोंड मोकळंच. तिथल्या ब्रिटिश गव्हर्नरनं रातोरात बंदुकीच्या दारूची बहुतेक पिंपं जहाजावर चढवून पाठवून दिली. सकाळी तोफा मात्र भरपूर मिळाल्या.

परतीच्या वाटेवर एप्रिलमध्ये 'ग्लासगो' हे एकटं ब्रिटिश जहाज अख्ख्या ताफ्याला हुलकावणी देऊन निसटलं. ईसेकरावांना काँग्रेसनं आधी झापलं, मग १७७८च्या जानेवारीत घरी बसवलं. मोठ्या हौसेनं मंजूर केलेल्या १३ फ्रिगेटपैकी (वेगवान लढाऊ जहाजांपैकी) युद्ध संपेपर्यंत एकही हाती उरली नाही. काही तर शत्रूला मिळू नयेत म्हणून स्वतःच जाळल्या.

उरलंसुरलं शेवटचं जहाज, 'अलायन्स', १७८५ साली विकून टाका. वाढदिवस मात्र ठरावाच्याच तारखेचा धरा. अमेरिकेचं आरमार दरवर्षी १३ ऑक्टोबरलाच केक कापतं.