तात्या, टी-शर्ट आणि त्रेसष्ट अल्बम

सासुरवाडीला गेल्यावर जावयानं तिसऱ्या पुरणपोळीला नाही म्हणू नये, हे मला लग्नाआधीच सांगितलं होतं. पण चुलतसासऱ्यांनी इंडी रॉकची यादी मागितली तर काय करावं, याबद्दल कोणीच काही बोललं नव्हतं.

चुलतसासरे म्हणजे आमचे तात्या. पिंपळगाव बसवंतच्या पुढं त्यांची चार एकर द्राक्षबाग आहे. धाकटा मुलगा शिकायला मँचेस्टरला. दिवाळीला त्यानं पार्सल पाठवलं, त्यात एक काळा टी-शर्ट निघाला. छातीवर पांढऱ्या रेषाच रेषा, एकीखाली एक, मधोमध सुळके वर आलेले. तात्या तो बागेत घालायला लागले. त्यावर बोर्डोच्या फवारणीचे निळे डाग पडले आणि माझ्या मते टी-शर्ट सुधारला.

एका रविवारी तात्या नाशकात आले तेव्हा आम्ही मिसळ खायला गेलो. पापड मोडत ते म्हणाले, "पोरानं सप्तशृंगीचा डोंगर छापून घेतलाय बघा. शिखरं जरा जास्त झालीत, पण भाव चांगला आहे."

मी गप्प बसायला हवं होतं. पण वीस-पंचवीस वर्षं ज्या विषयावर नाशकात कोणी एक प्रश्न विचारला नव्हता, तो विषय आज समोर बसून रस्सा मागत होता.

"तात्या, डोंगर नाही तो. तारा आहे."

मग सुटलोच. हे जॉय डिव्हिजन या मँचेस्टरच्या बँडच्या 'अननोन प्लेझर्स' या 1979 च्या अल्बमचं मुखपृष्ठ. रेषा आहेत त्या पल्सारच्या, म्हणजे गरगर फिरणाऱ्या मेलेल्या ताऱ्याच्या रेडिओ-स्पंदनांच्या. 1967 साली केंब्रिजला जोसलिन बेल या विद्यार्थिनीला तो पहिल्यांदा सापडला. दर 1.337 सेकंदाला एक ठोका. आपल्या नारायणगावजवळ खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 दुर्बिणी आहेत ना, त्या असलेच तारे ऐकतात.

"नारायणगाव?" तात्यांचा चेहरा उजळला. "तिथं तर तमाशाच्या राहुट्या असतात."

"त्याच गावाजवळ."

"म्हंजे वरचं आणि खालचं, दोन्ही गाणं तिथंच." त्यांनी टी-शर्टवरून हात फिरवला. "जावईबापू, असलं आणखी काय काय असतं ते लिहून द्या. पोरगा फोनवर दोन मिनिटं बोलतो आणि 'बाकी ठीक' म्हणून ठेवतो. बोलायला काहीतरी विषय पाहिजे."

मागणी एवढीच होती. मी मात्र घरी येऊन एक्सेल उघडली.

रात्री एकपर्यंत 63 अल्बम झाले. रकाने पाच: वर्ष, गाव, कंपनी, महत्त्व, आणि 'आधी काय ऐकलेलं असावं'. बायकोनं मागून डोकावून पाहिलं. "अरे, त्यांनी तांब्याभर पाणी मागितलंय. तू गंगापूर धरणाचा नकाशा काय काढतोयस?"

यादी करणाऱ्या माणसाचा छळ यादी न केलेल्याला कळत नाही. निर्वाणा या बँडचा 'नेव्हरमाइंड' घ्यावा तर लोक म्हणणार, एवढाच माहितीये वाटतं. वगळावा तर भामटेपणा, कारण माझी स्वतःची सुरुवात नाशिकच्या सीबीएस बसस्टँडजवळ घेतलेल्या त्याच्याच कॅसेटनं झाली होती. शेवटी तो सतराव्या क्रमांकावर टाकला, जणू सहज आठवला. सॉनिक यूथचा 'डेड्रीम नेशन' मी तिसरा ठेवला. तो सत्तर मिनिटांचा आहे आणि एका बैठकीत मी तो कधीही पुरा ऐकलेला नाही. स्लिंटचा 'स्पायडरलँड' केवळ कोणा जाणकाराच्या नजरेला यादी पडली तर असावा म्हणून. ही यादी तात्या आणि मी सोडून जगात तिसरं कोणी बघणार नव्हतं, तरीही.

पुढच्या रविवारी तात्यांनी तीन पानी प्रिंट लांब धरून वाचली, औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचतात तशी.

"इंडी म्हंजे इंडियाचं का?"

नाही म्हटलं. इंडी म्हणजे इंडिपेंडंट. मोठ्या कंपन्यांच्या दारात उभं न राहता छोट्या कंपन्यांनी किंवा स्वतःच काढलेल्या रेकॉर्ड. या जॉय डिव्हिजनची कंपनी फॅक्टरी रेकॉर्ड्स, तीही मँचेस्टरचीच. नफ्यात निम्मे कंपनीचे, निम्मे बँडचे.

"म्हंजे वाट्यानं शेती. पुढं काय झालं?"

"1992 ला बुडाली."

"वाट्यानं दिलं की तेच होतं," तात्या म्हणाले आणि बँडच्या नावांकडे वळले. स्मिथ्स म्हणजे काय? लोहार. पेव्हमेंट? फुटपाथ. न्यूट्रल मिल्क हॉटेल? इथं मी अडखळलो. तटस्थ दूध हॉटेल, दुसरं काय सांगणार. "बोर्ड चांगला आहे," ते म्हणाले, "पण गिऱ्हाईक बुचकळ्यात पडंल." व्हेल्वेट अंडरग्राउंडच्या 1967 च्या अल्बमवर अँडी वॉरहॉलनं केळं काढलंय आणि सुरुवातीच्या प्रतींवर त्याची साल खरंच सोलता यायची, हे ऐकून मात्र ते खूश झाले. रावेरच्या केळीवाल्या व्याह्यांना सांगतो म्हणाले.

खरी परीक्षा बागेत झाली. तात्यांनी ट्रॅक्टरवर ब्लूटूथचा डबा बांधला आणि माझी यादी वरून खाली सुरू केली. पहिल्या क्रमांकावर, माझं दुर्दैव, माय ब्लडी व्हॅलेंटाइनचा 'लव्हलेस'. 1991 चा. गिटारींच्या आवाजाचा असा दाट धुरळा की त्यात गाणारी बाई कुठं आणि गाणं कुठं, हे शोधण्यातच गंमत. माझ्या मते. सकाळी साडेसातला फोन आला.

"जावईबापू, फवारणीच्या ब्लोअरचं बेअरिंग गेलं."

मी कळवळलो. द्राक्षावरच्या डाऊनी रोगाचे दिवस, फवारणी अडली म्हणजे माल गेला.

"मेकॅनिकला बोलावलं. तो म्हणतो, ब्लोअर तर बंद आहे. तेव्हा कळलं, तुमचं गाणं चालू होतं."

मी अल्बमची महती सांगू लागलो. दोन वर्षं खपून, एकोणीस स्टुडिओ पालथे घालून केलाय, आणि त्यानंतरचा अल्बम यायला 21 वर्षं लागली. "लागणारच," तात्या म्हणाले. "लोकांनी उधारी बंद केली असंल."

त्या दिवसापासून 63 अल्बमांची यादी त्यांनी बाजूला ठेवली आणि मला रोज एक प्रश्न विचारायला सुरुवात केली. यात कोणी मास्तर आहे का? होता की. गायडेड बाय व्हॉइसेसचा रॉबर्ट पोलार्ड, अमेरिकेतल्या डेटन गावात चौथीला शिकवायचा. 1994 च्या 'बी थाउजंड'मध्ये वीस गाणी, सगळी मिळून पाऊण तासही नाही, घरगुती चार ट्रॅकच्या टेपवर भरलेली. तात्यांना हे पसंत पडलं. "मास्तर तास संपायच्या आत संपवतो," असा शेरा आला. यात कोणी परवडेल असा व्यवहार केलाय का? केलाय. रेडिओहेडनं ऑक्टोबर 2007 मध्ये 'इन रेनबोज' स्वतःच्या वेबसाइटवर ठेवला आणि सांगितलं, किंमत तुम्ही ठरवा. फुकट नेलात तरी चालेल.

फोनवर बराच वेळ काही आवाज आला नाही. मला वाटलं रेंज गेली.

"तुम्ही ठरवा म्हंजे कोण? घेणारा?"

"हो."

"मग वेगळं काय केलं त्यांनी? आम्ही तर आयुष्यभर असंच विकलं. व्यापारी बांधावर उभा राहतो, घड उचलतो, एक मणी खातो, तोंड वाकडं करतो आणि भाव सांगतो. आमच्यावर कोणी पेपरात लिहिलं नाही." थोडं थांबून म्हणाले, "पण या लोकांनी आपण होऊन विचारलं. ते बरं वाटलं असंल त्यांना. विचारणं आपल्या हातात असलं की बरं वाटतं." संध्याकाळी त्यांनी तो अल्बम सगळा ऐकला. गाणारा रडका आहे, पण व्यापाऱ्यासारखा नाही, असं त्यांचं मत पडलं.

डिसेंबरात निफाडची थंडी पडली. पारा उतरला की द्राक्षाला रात्री पाणी द्यावं लागतं, कडेनं शेकोट्या पेटवाव्या लागतात, आणि शेतीची लाइट येते तीही रात्रीच. एकदा पहाटे तात्यांचा आवाजी मेसेज आला. मागं मोटरची घरघर आणि त्यांच्या श्वासाची वाफ जवळजवळ ऐकू येत होती.

"ते ताऱ्याचं ऐकलं. ढोल वाजवणारा पोरगा भारी आहे. आपल्याकडं मिरवणूक चढली की सगळे पळत सुटतात." तात्या तरुणपणी गावच्या ढोलपथकात होते, त्यामुळे नाशिक ढोलावर बोलायचा त्यांना हक्क आहे. "हा जागचा हलत नाही. आजूबाजूला काही होऊ द्या. गाणारा कोण हो? आता कुठं असतो?"

हे मी एक्सेलमध्ये टाकलं नव्हतं. इयान कर्टिस. मे 1980 मध्ये गेला, स्वतःच्या हातानं. वय 23. मागं बायको, लहान मुलगी.

उत्तर आलं नाही. निळ्या खुणा आल्या. दुसऱ्या दिवशी फवारणीचं, ढगांचं, भावाचं बोलले, त्याचं नाही.

आणि मग त्यांनी मुलाला फोन केला. ही हकिगत मला खुद्द त्याच्याकडून कळली, कारण वैतागून त्यानं मला मेसेज टाकला. तात्यांनी म्हणे सुरुवातच केली, "तुझ्या गावच्या फॅक्टरी रेकॉर्ड्सचं ऑफिस कुठं होतं, बघून आलास का?" त्याला काही कळेना. त्यानं हा बँड कधी ऐकलेला नव्हता. तिकडं संध्याकाळी खोलीत तो मराठी गाणी लावतो. टी-शर्ट दुकानाबाहेर टांगलेला दिसला, त्याला वाटलं सप्तशृंगीचा डोंगर आहे, घरची आठवण आली, घेतला.

मग तात्यांनी त्याला तारा समजावून सांगितला. केंब्रिज, खोडद, राहुट्या, ढोल, वाट्यानं शेती, सगळं. फोन चाळीस मिनिटं चालला.

रविवारी मिसळीवर तात्यांनी खिशातून औषधाच्या दुकानाचं बिल काढलं. मागच्या कोऱ्या बाजूला पेनानं लिहिलेलं. "पोराला काहीच माहीत नाही हो यातलं. तिथं राहून! त्याच्यासाठी यादी केली. तुमची नाही पाठवत, तो घाबरंल. व्हॉट्सॅपवर नीट टाइप करून द्या."

मी वाचू लागलो. मास्तर, सकाळी, कॉलेजला जाताना. भाव-तुम्ही-ठरवा, संध्याकाळी. ब्लोअरवाले नकोत, घरी आलास की फुकट ऐकवतो. शेवटची ओळ त्यांनी एकदा खोडून परत लिहिली होती: तारा. रात्री ऐकायचा, पण एकट्यानं नाही. आधी मला फोन लाव. रात्रीची लाइट आहे, मी जागाच असतो.