‘देवनागरीत अंतराळ शोभत नाही’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. नाशकात बनणाऱ्या छोट्या मराठी विज्ञानपटांच्या टायटल्सवर मी लिहिलं, त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. देवनागरी भविष्यातली वाटत नाही, तेव्हा नावं इंग्रजीत द्या. लोगोंचा पसारा नको. आणि ग्रहाचा शॉट रेडीमेड टेम्प्लेटमध्ये मिळत असताना, मी सुचवलं तसं पितळेची परात जवळून चित्रित करून ग्रह दाखवायचा कशाला?

लोगोंबद्दल वाद नाही. थिएटरात आधी सेन्सॉरचं प्रमाणपत्र येतं, पडद्यावर सिगारेट असेल तर तंबाखूविरोधी जाहिरातही. त्यावर पाच निर्मात्यांचे पाच फिरते गोळे आले की लोक मोबाइल काढतात. मुख्य लोगोला ४-५ सेकंद द्या, बाकीचे सगळे एका पाटीवर. लोगो सिनेमाच्या रंगात बुडवणं मात्र फुकटात होणारं आणि परिणामकारक काम आहे. १९९९च्या ‘द मॅट्रिक्स’मध्ये वॉर्नर ब्रदर्सचा लोगोच हिरवा झालेला दिसतो. फक्त ज्याचा लोगो, त्याची लेखी परवानगी आधी घ्या.

अक्षरांचं अजिबात पटलं नाही. इंग्रजी टायटल्ससारखी ऐसपैस अक्षरं हवीत म्हणून ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, वाढवलं जातं, शिरोरेषेचे तुकडे पडतात आणि दोष लिपीवर जातो. नाव इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करा, ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करून अक्षरांचे आकार बनवा, शिरोरेषा कापून टाका. अक्षरं एकमेकांपासून हवी तेवढी दूर सरकवा आणि वरून एकच सलग पट्टी ओढा. मात्रा, वेलांटी, रफार आपापल्या अक्षराबरोबर सरकले पाहिजेत. रफार मागे राहिला की नाव चुकलंच. शेवटी सगळे आकार एकसंध करणारं ‘युनियन’ विसरू नका. नाहीतर फेड होताना जिथे आकार एकमेकांवर चढलेत तिथे उजळ ठिपके दिसतात, आणि आउटलाइन दिली तर प्रत्येक सांध्यावर उभी रेघ.

टाइपरायटर इफेक्टही तसाच लावू नका. ‘विज्ञान’ लिहिताना आधी ‘व’ उमटतो, मग वेलांटी त्याच्या अलीकडे येते आणि ‘व’ उडी मारतो. पुढे ‘ज’चा ‘ज्ञ’ होताना पुन्हा तेच. वि, ज्ञा, न असे तीन तुकडे करून हलवा. १९७९च्या ‘एलियन’मध्ये नाव एकेका रेघेनं हळूहळू जमत जातं. त्या पद्धतीला आडवी शिरोरेषा आणि उभे काने यांच्याइतकं सोयीचं सामान रोमन लिपीत तरी कुठे आहे? नाव पूर्ण दिसल्यावर ते दोनदा मनात वाचून होईल इतका वेळ थांबा. साध्या नावाला सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशेबात ५०-६० फ्रेम पुरतात.

आता परात. टेम्प्लेटमधला ग्रह वाईट नसतो, पण तोच ग्रह दहा यूट्यूब चॅनेलच्या सुरुवातीला फिरत असतो. भांडी बाजारातली मठारलेली परात घ्या, चिंचेनं घासा, पूर्ण कोरडी करा. बोटांचे ठसे मॅक्रोमध्ये, म्हणजे अगदी जवळून घेतलेल्या शॉटमध्ये, तेलाच्या तवंगासारखे दिसतात, म्हणून कडेलाच धरा. खोलीत अंधार, एकच टॉर्च, जवळजवळ पृष्ठभागाला टेकलेला. कॅमेरा स्थिर ठेवून टॉर्च सरकवा. प्रत्येक ठोक्याची सावली लांब होते आणि खड्डे विवरांसारखे उघडतात. टॉर्चऐवजी घरातला एलईडी दिवा वापरलात तर शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे इतर वेगांना उजेड लुकलुकू शकतो.

खरी फजिती यानंतर होते. काळ्यातून गडद निळ्यात जाणारं आकाश ८ बिटमध्ये काढलं की पट्टे दिसतात. एका रंगाच्या २५६ छटांपैकी त्या अंधारात जेमतेम २५ वापरल्या जातात, म्हणजे १९२० पिक्सेलच्या रुंदीत प्रत्येक पट्टा साधारण ७७ पिक्सेलचा. काम १६ बिटमध्ये करा, वर हलका ग्रेन, म्हणजे बारीक दाणे, टाका, मास्टर प्रत १० बिटच्या प्रोरेस या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये काढा. यूट्यूबचं कॉम्प्रेशन तो ग्रेन खातं आणि पट्टे परत येतात, म्हणून तिथल्या प्रतीत आकाश थोडं उजळ ठेवा किंवा सरळ सपाट काळं करा.

तुम्ही पाठवलेल्या नमुन्यात तारे धडपडत सरकतात, त्याचं कारण वेग. सेकंदाला २४ फ्रेम असताना पांढरा तारा १९२० पिक्सेलचा पूर्ण पडदा ओलांडायला ७ सेकंदांहून कमी वेळ घेत असेल, म्हणजे फ्रेमला ११ पिक्सेलपेक्षा जास्त उडी असेल, तर डोळ्याला झटके जाणवतात. वेग निम्मा करा, १८० अंशांच्या शटरइतका, म्हणजे अर्ध्या फ्रेमच्या वेळेइतका, मोशन ब्लर (हालचालीचा धूसरपणा) द्या आणि तोच नमुना पुन्हा पाठवा. नाव मात्र मराठीत.