एमआयची, म्हणजे हार्ट अटॅकची, तारीख लिहायला काय जातं या डॉक्टरांचं?
आज परत डॅशबोर्डवर माझ्या नावापुढे लाल, आणि परत सीएडीच्याच (हृदयाच्या धमन्यांतल्या ब्लॉकेजच्या) चार्टवरनं, डोकं फिरलंय नुसतं. पेशंट अमेरिकेत, डॉक्टर अमेरिकेत, आणि बोलणी खायला आम्ही मेडिकल कोडर, त्यांच्या नोटवरनं आजारांचे कोड लावणारे, इकडे मगरपट्ट्यात बसलोय.

नोटमध्ये काय, तर "तीन आठवड्यांपूर्वी एमआय". बरं. फेब्रुवारीच्या व्हिजिटला हेच, एप्रिलला हेच, जूनला पण हेच, स्पेलिंगची चूकसुद्धा तीच! जुनी नोट उचलायची नि चिकटवायची. अरे चार आठवड्यांच्या आतला अटॅक असेल तर कोड आय२१, चार आठवडे उलटले की आय२५.२, म्हणजे जुना, मग तारीख नको का लिहायला? क्वेरी टाकली, म्हणजे डॉक्टरलाच प्रश्न पाठवला. पाच दिवसांनी उत्तर आलं, "नोट बघा". नोट बघूनच तर विचारलं ना!! आणि तोवर चार्ट अडकला, टीएटी (चार्ट संपवायची मुदत) गेला, तो कुणाच्या नावावर? माझ्या.

दुसरा चार्ट त्याहून भारी. सीएडी, बायपास झालेली, आणि पुढे नुसतं "चेस्ट पेन". ब्लॉकेज मूळ आर्टरीत आहे का ग्राफ्टमध्ये (बायपासला जोडलेल्या नळीत), एक अक्षर नाही. टीम लीड म्हणतो औषधांत नायट्रोग्लिसरीन आहे ना, लाव एंजायना (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं). असं कसं लावू? औषधांच्या यादीवरनं आजार ठरवायचा नसतो हे ट्रेनिंगमध्ये यांनीच शिकवलं, उद्या ऑडिटमध्ये एरर बसली की हाच हात वर करणार. डॉक्टरने एंजायना हा एक शब्द लिहिला असता तर विषयच नव्हता, सीएडी आणि एंजायना दोन्ही नोटमध्ये असले की संबंध आहे असंच धरायचं, गाइडलाइनच आहे तशी, डॉक्टरने स्वतः नाही म्हटलं तरच वेगळं.

माझ्या बाबांची अँजिओप्लास्टी झालीये. डिस्चार्ज कार्डावर स्टेंट एलएडीत (हृदयाच्या एका मुख्य धमनीत), कुठल्या तारखेला, सगळं धड लिहिलेलं, म्हणून रात्री दुसऱ्या हॉस्पिटलला न्यावं लागलं तेव्हा तिथल्या डॉक्टरला दोन मिनिटांत कळलं. आणि इथे एका माणसाला पाच महिने रेकॉर्डवर दर वेळी ताजा हार्ट अटॅक आलेला आहे, आणि कुणालाच काही वाटत नाही.

उद्या परत क्वेरी टाकणारे, तिन्ही व्हिजिटच्या तारखा एकाखाली एक लिहून. गेला टीएटी तर जाऊ दे.